माळवद वाटलं, घर नाही

मुलांनो,

तुमचे बाबा तिकडे परदेशात पाहुण्यांना एक गोष्ट सांगतात, असं माझ्या कानावर आलं आहे. आजीने एका सकाळी अख्खं घर गावाला वाटून टाकलं आणि वर सगळ्यांना चहा पाजला, अशी ती गोष्ट. लोक खूप हसतात म्हणे. हसायला माझी हरकत नाही. पण मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि वर्ग हसला म्हणून चुकीच्या उत्तराला कधी गुण दिले नाहीत. मी घर वाटलं नाही. फक्त छप्पर वाटलं, आणि तेही सगळं नाही. लाकूड ठेवलं होतं.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे डिसेंबरात तुम्ही दोघं पहिल्यांदा इथे येणार आहात. हसनाबादहून आमच्याकडे येताना वाटेतल्या निदान चार घरांतून कुणीतरी बाहेर येईल, तुमच्या हातात वांगी देईल आणि "तुमच्याच माळवदाची आहेत" असं म्हणेल. तेव्हा गोंधळून जाऊ नका. वांगी घ्या, "बरं" म्हणा आणि पुढे चला. त्याआधी खरं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असावं. तुमची आई वाचून दाखवेल. तिला माझं अक्षर लागतं.

मला ते घर का हवं होतं, ते आधी सांगते, कारण बाबा तेवढं गाळतात. तुमच्या आजोबांची नोकरी बदलीची. आम्ही नऊ सरकारी क्वार्टर्समध्ये संसार केला, म्हणजे नऊ स्वयंपाकघरं झाली. एकाची खिडकी जिन्यात उघडायची, एकाची शेजाऱ्यांच्या मोरीवर. परतूरला तर हातभर अंतरावर दुसऱ्या क्वार्टरची खिडकी होती आणि तिथल्या बाई आमच्या आमटीत काय पडतंय ते बघून सूचना करायच्या. ओटे सगळे माझ्यापेक्षा उंच बाईसाठी बांधलेले. फळी कुठे हवी, उजेड कुठून हवा, हे मला कुणी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर संभाजीनगरला फ्लॅट घेतला, तोही तयारच मिळाला. अडुसष्टाव्या वर्षी माझ्या मनात एकच गोष्ट राहिली होती: मी सांगेन तिथे खिडकी असलेलं एक स्वयंपाकघर.

आजोबांच्या वाट्याला आलेलं शेतातलं घर वीस वर्षं बंद होतं. पाच खणांचं, मातीच्या दोन हात जाड भिंतींचं. वाडा वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला माणसं राहतील, एवढाच त्याचा थाट.

बाबांना बेत पसंत नव्हता. "आई, तिथून बाजार किती लांब आहे? तुम्ही दोघंही गाडी चालवत नाही. भाजी आणायला कोण नेणार तुम्हाला?"

"भाजी आम्ही पिकवू," आजोबा मागून म्हणाले. तोवर त्यांनी कुंडीतली तुळस तेवढी वाढवली होती, तिला पाणी मी घालत असे.

बाबांनी पुण्यात तुमच्या आत्याच्या वरच्या मजल्यावर आमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवला होता. लिफ्ट, वॉचमन, खाली बाग, बागेत 'फुलांना हात लावू नये' अशी पाटी. बरीच बोलाचाली होऊन असं ठरलं, की एका गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत आम्ही शेतात राहून बघायचं. जमलं तर राहायचं, नाही तर मुकाट्याने पुण्याला जायचं. आता 'जमलं' कशाला म्हणायचं, हे तोंडी सोडणं मला पटेना. मी ते इंग्रजीत लिहून काढलं. कलम एक: छप्पर गळता कामा नये. कलम दोन: दिवाळीनंतर घरात विकतची भाजी येता कामा नये, कांदे, लसूण आणि बटाटे वगळून. बटाटे आजोबांनी वगळायला लावले. बटाटा ही भाजी नसून आधार आहे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघांनी सह्या केल्या, बाबांनी तिकडे सही करून फोटो पाठवला आणि कागद कपाटात गेला.

पहिलं काम छपराचं. मिस्त्री हसनाबादचा. त्याने तुळया ठोकून बघितल्या, कान लावून ऐकल्या आणि म्हणाला, "लाकूड बिलकुल ठणठणीत हाये. वरचा बोजा काढा."

बोजा म्हणजे माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या आणि कडुलिंबाचा पाला, आणि त्यावर पांढरी माती दाबून केलेलं सपाट छत. पावसाच्या आधी दर वर्षी त्यावर नवी माती पसरायची. जुनी कुणी काढत नाही. चार पिढ्यांची माती साचून गुडघ्याच्या वर थर झाला होता, म्हणजे आमच्या डोक्यावर एक लहानसं शेतच होतं. माती उतरवायची, फळ्या तशाच ठेवायच्या आणि वरून पत्रे घालायचे, असं ठरलं.

मग मी खिडकीचं काढलं.

"मॅडम, खिडकी नका पाडू," मिस्त्री म्हणाला. "ही भिंत इतकी वर्षं अशीच उभी हाये. तिला सवय न्हाई."

"सवय होईल."

"भिंतीला?"

"आठवी 'ब'लासुद्धा झाली होती."

तेवढ्यात जाऊबाई आल्या. या आजोबांच्या चुलत भावाच्या बायको, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. रस्त्याच्या पलीकडचं वावर त्यांचं, आणि सगळा जन्म त्या वावरात गेलेला. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्या मला 'मास्तरीण' म्हणतात.

"भिताडाला भोक पाडून काय बघणार हायेस?"

"कपाशी बघणार, जाऊबाई."

"कपाशी बघायला खिडकी लागती का? दारातून दिसती की."

"दारात उभं राहून भाजी परतता येत नाही."

त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने आभाळाकडे. खिडकी झाली. पूर्वेला, माझ्या कोपराच्या उंचीवर.

माती उतरवायला तीन दिवस लागले. मिस्त्रीच्या माणसांनी ती अंगणात टाकली, आणि नेमकी माझ्या बागेवर. बाग अजून कागदावर होती, पण कागदावर ती पूर्ण होती. आलेखाचा कागद, एक चौकोन म्हणजे एक वीत, अकरा वाफे, प्रत्येकाचं नाव, दोन रोपांमधलं अंतर एका इंग्रजी पुस्तकातून घेतलेलं. आणि त्यावर आता पुरुषभर उंचीचा ढीग: धूळ, कुजका पाला, काटक्या, एक-दोन विंचू. मला पसारा बघवत नाही, हे तुम्हाला तुमच्या खेळण्यांवरून ठाऊक आहे. आजोबा दाढ काढायला जालन्याला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी यायचे होते.

जाऊबाई ढिगाजवळ उभ्या राहिल्या. चिमूटभर माती घेऊन त्यांनी बोटांत चोळली.

"ह्या मातीचं काय करणार?"

"टाकून द्यायची. कुणाला हवी असेल तर खुशाल न्यावी."

"न्यावी?"

"न्या ना. उपकार होतील."

"बराबर इचार केलास? नेऊ?"

"जाऊबाई, आजच्या आज नेलीत तर बरं."

त्या लगेच घरी वळल्या. मला वाटलं, एकट्या बाईच्याने एवढी माती कशी उचलवणार, म्हणून लाजल्या. तेव्हा मी एक खोका कापला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माती मोफत. ज्यांना हवी त्यांनी स्वतः घेऊन जावी. सकाळी सातपासून.' आणि तो पुठ्ठा रस्त्याच्या वळणावरच्या बाभळीला टांगला.

सकाळी सहाला मी दार उघडलं तर बाहेर रांग होती. पाच ट्रॅक्टर, बाकी बैलगाड्या, आणि सगळ्यांत पुढे जाऊबाईंचा ट्रॅक्टर. गोंधळ नको म्हणून मी प्रत्येकाला आकडा घातलेली चिठ्ठी दिली आणि चिठ्ठीप्रमाणे भरायला सांगितलं. बारा घरची माणसं होती. शाळेत कधी दिसली नाही अशी शिस्त. कुणी पुढे घुसलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, फक्त फावडी फार वेगाने चालत होती. मला अगदी भरून आलं. मी दोन वेळा चहा केला. शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या पाटलांनी कप खाली ठेवून हात जोडले. "वहिनी, तुमच्यासारखं मन ह्या पंचक्रोशीत कुणाचं न्हाई." मी म्हटलं, "अहो, उलट तुम्हालाच त्रास." ते घाईने गाडीकडे गेले. दुपारपर्यंत अंगण मोकळं झालं. खाली सांडलेली मातीसुद्धा मी खराट्याने गोळा केली आणि शेवटच्या गाडीत भरून दिली.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. अंगणात येऊन त्यांनी आधी वर बघितलं, मग खाली.

"माती?"

"दिली."

"कुणाला?"

"ज्यांना हवी होती त्यांना. फार चांगली माणसं आहेत इथली. एकाने मजुरीसुद्धा मागितली नाही."

आजोबा ओट्यावर बसले. बोळा त्यांनी बाहेर काढला, कारण पुढचं वाक्य त्यांना स्पष्ट बोलायचं होतं.

"अगं, जुन्या माळवदाची माती म्हणजे खत असतं. त्या मातीसाठी लोक दुसऱ्याचं घर पडायची वाट बघत बसतात."

मी विचारलं, "ठाऊक होतं तर जाताना सांगितलं का नाही?"

"तू अंगण झाडून देशील, हे मला ठाऊक नव्हतं." आणि त्यांनी बोळा परत आत घातला.

मी तशीच रस्ता ओलांडून जाऊबाईंकडे गेले. त्यांच्या वावराच्या कडेला आमचं माळवद पसरून झालं होतं.

"जाऊबाई, तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तीनदा इचारलं तुला."

"चौथ्यांदा विचारायचं."

"चौथ्यांदा इचारलं असतं तर तू मंग न्हाई म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या. "आन् तू पाटी लावल्यावर मी काय बोलू? मला वाटलं, शिकलेली बाई हाये, पुण्य करून राह्यली."

परत मागायची सोय नव्हती. ती मागायची तर बारा वावरं चाळावी लागली असती. शिवाय मीच चिठ्ठ्या दिल्या होत्या.

अंगणात खाली राहिला तो मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. आजोबांनी एक वाफा खणला आणि तीन दिवस पाठीला तेल लावून घेतलं. पण आराखडा होता, तेव्हा मी तो पाळला. पावसाळ्यात अकरा वाफ्यांत अकरा प्रकारचं बी लावलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर इंग्रजीत नावं लिहून पाट्या रोवल्या. पाट्या उत्तम उभ्या राहिल्या. भेंडी वीतभर वाढून थांबली. दोडक्याचा वेल मांडवाच्या पहिल्या काठीला टेकला आणि तिथेच त्याने निवृत्ती घेतली. वांग्याला एक वांगं आलं, लिमलेटच्या गोळीएवढं. आजोबा सकाळी त्याला बघून यायचे आणि "आहे अजून" असं सांगायचे.

आणि नव्या खिडकीतून मला काय दिसायचं, तर रस्त्यापलीकडे जाऊबाईंच्या वावराची कड. जिथपर्यंत आमची माती पडली होती, तिथपर्यंत हिरवा रंग वेगळा होता. कपाशी माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि बांधाला वांग्याची झाडं, प्रत्येकाला काठीचा टेकू द्यावा लागलेला. भाजी परतताना मी हे रोज बघत होते. खरं सांगायचं तर भाजी नसायची, पिठलं असायचं.

दिवाळी झाली आणि कलम दोन लागू झालं. आम्ही पिठलं खाल्लं, आमटी खाल्ली, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मुरमातली बारीक मेथी आठवड्यातून एकदा निवडून खाल्ली. ती निवडायला चष्मा लागायचा. बाकी बटाटे. एका संध्याकाळी जाऊबाई टोपलंभर वांगी घेऊन आल्या आणि ओट्यावर ओतून म्हणाल्या, "घे. तुमच्याच माळवदाची हायेत."

त्याच वेळी बाबांचा रविवारचा व्हिडिओ फोन आला. आजोबांचं मत होतं की काही बोलू नये. कलमात 'विकतची' असा शब्द आहे आणि वांगी भेट आलेली आहेत. मी म्हटलं, कलम मी लिहिलं आहे, त्यात मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. मी बाबांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. माती वाटल्याचं त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

मग म्हणाले, "आई, मुद्दा वांग्यांचा नाही. रोज कुणाच्या तरी दाराकडे बघत बसायला लागू नये, हा होता. आज काकूंनी दिली. उद्या त्यांना दुखलं-खुपलं तर?"

"दे तो फोन," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तो कानाला लावला, त्यामुळे बाबांना त्यांच्या कानातली कुडी तेवढी दिसत होती. "काय रे, तिकडं दूध कोण देतं तुला? म्हैस बांधलीस का?"

"दुकानातून आणतो, काकू."

"आन् दुकानवाल्याला दुखलं-खुपलं तर?"

"दुसऱ्या दुकानात जातो."

"मंग हितं बी दुसरं घर हाये. बारा घरी गेल्ती तुमची माती."

"ते ठीक आहे, काकू. पण मला सांगा, वावर तुमचं, बी तुमचं, मेहनत तुमची. मग ही भाजी आईने पिकवली, असं कसं म्हणायचं?"

जाऊबाईंनी फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. "पोरगं बराबर बोलून राह्यलं," त्या म्हणाल्या. "भाजी राहू दे. वावर घे."

त्या वर्षी रस्त्याकडची कपाशी बोंडअळीने खाल्ली म्हणून त्यांनी लवकर उपटली होती. तिथले चार तास, म्हणजे बांधापासून बांधापर्यंतच्या चार लांब ओळी, त्यांनी मला देऊ केले. बी माझं, मेहनत माझी.

"आणि बदल्यात?" मी विचारलं. फुकट घेतल्याचं फळ मी देणाऱ्याच्या बाजूने बघितलं होतं.

त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं. "माझ्या सैपाकघराला असं भोक पाडून दे. पोरगा म्हणतो, कशाला उगी खर्चा. मिस्त्री त्याचं ऐकतो, माझं न्हाई. तुझं ऐकतो."

"काय बघणार आहात खिडकीतून?"

"तुझं पत्र्याचं घर. दुसरं काय हाये तिकडं?"

बाबांनीही मान्य केलं, की असं असेल तर भाजी माझी धरायला हरकत नाही. जाऊबाईंची खिडकी आठवड्यात झाली. मिस्त्रीने या वेळी भिंतीच्या सवयीचा विषय काढला नाही.

पेरणीला मी दोरी, खुंट्या आणि फूटपट्टी घेऊन गेले. जाऊबाई बांधावर बसून बघत होत्या.

"रांगेत उभं करायला ती काय पोरं हायेत?"

"ओळीत असलं की निंदायला सोपं जातं."

"जल्दी आटप मंग. तुझी प्रार्थना होईस्तोवर ऊन डोक्यावर येईल."

शेवटी दोन तास माझ्या पद्धतीने झाले, दोन त्यांच्या. त्यांनी पालक, मेथी, कोथिंबीर, चुका, मुळा, सगळं बी एका घमेल्यात राखेबरोबर कालवलं आणि चालता चालता उधळलं. माझ्याने बघवेना. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडे उगवलं. माझी रोपं सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. चिमण्यांना ते अंतर दोन दिवसांत कळलं. पहिल्या रोपापासून सुरुवात करून त्या क्रमाने शेवटपर्यंत गेल्या, एकही न गाळता. जाऊबाईंच्या गर्दीत त्यांना कशाचाच पत्ता लागला नाही. मी निमूटपणे दुसरं बी घमेल्यात कालवलं. मात्र टोमॅटोला काठ्या माझ्या हिशेबाने लावल्या आणि ते जाऊबाईंच्या टोमॅटोपेक्षा चांगले आले, हे त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही.

संक्रांतीपासून आमच्या ताटात रोज हिरवं दिसू लागलं. मी सकाळी खिडकीतून आपला पालक बघायची आणि दहा मिनिटांत तो चिरायला घ्यायची. पाडवा जवळ आला तसं मला वाटायला लागलं, की जमलं.

बाबांचं तेव्हा पुण्यात काही काम निघालं आणि तपासणीला ते स्वतःच आले. पाडव्याच्या आदल्या दुपारी गाडीतून उतरले आणि हातातली पिशवी त्यांनी सरळ माझ्या ओट्यावर ठेवली. फ्लॉवर, ढोबळी मिरची, गवार, काकड्या.

"हे काय?" मी विचारलं.

"भाजी. भोकरदनला घेतली. म्हटलं, तुमच्याकडे असेल-नसेल."

"विकत?"

"मग काय, मागून?"

आजोबा खुर्चीतून उठले. एवढ्या चपळाईने ते त्या वर्षात एकदाच उठले. कपाटातून कागद आणून त्यांनी कलम दोनवर बोट ठेवलं आणि ते इंग्रजीतून मोठ्याने वाचलं. दिवाळीनंतर घरात आलेली विकतची भाजी ती तेवढी, आणि आणली कुणी तर दुसऱ्या पक्षाने. बाबा म्हणाले की हे मुद्दाम केलेलं नाही. आजोबा म्हणाले की कलमात मुद्दाम हा शब्दच नाही.

"मग कलम एक," बाबा म्हणाले. "उद्या छप्पर तपासू."

पावसाळ्यात पत्रा एकदाही गळला नव्हता, हे मी सांगितलं. पण ते पडले इंजिनिअर. सकाळी गुढी उभारून झाल्यावर त्यांनी मिस्त्रीला शिडी लावून पाइप घेऊन वर चढवलं आणि स्वतः बॅटरी घेऊन आत फिरत राहिले. जाऊबाई आपल्या खिडकीतून ओरडल्या, "पाडव्याची घराला आंघोळ घालून राह्यले का?" पाव तास पाणी पडलं. कुठे थेंब नाही. मग बाबांनी फवारा पत्र्याच्या खालच्या कडेकडून वर, उताराच्या उलट मारायला लावला. आजोबांनी हातानेच पुरे म्हणून खूण केली, आणि तेवढ्यात बाबांच्या मानेवर टपकलं. फळीच्या फटीतून, एका खिळ्यापाशी. त्यांनी मान पुसली, बोटं आम्हाला दाखवली. वर मिस्त्री म्हणाला की पाऊस वरून पडतो, खालून फवारा मारल्यावर कोणताबी खिळा गळणारच. पण तो सही करणाऱ्यांतला नव्हता.

"आई, गळलं," बाबा म्हणाले.

कलम मीच लिहिलं होतं, आणि त्यात पाऊस कोणत्या दिशेने पडेल ते लिहायचं राहिलं होतं. चहा करते म्हणून मी आत आले. खरं म्हणजे कुठली भांडी पुण्याला न्यायची आणि कुठली जाऊबाईंना द्यायची, हे मी फळीवर बघून मनात वेगळं करत होते. बाबा मागून आले. "आई, मला तुझ्याशी नीट बोलायचंय," असं त्यांनी सुरू केलं.

तेवढ्यात समोरून हाक आली. "मास्तरीण, ए मास्तरीण, तुझा पालक चालला."

मी खिडकीतून बघितलं. चहा पाजलेले ते म्हातारे पाटील माझ्या तिसऱ्या तासात वाकले होते आणि पालक मुळासकट उपटून टोपीत भरत होते. मी गॅस बंद केला की नाही, आठवत नाही. अंगण, रस्ता आणि बांध ओलांडून मी तिथे पोचले.

"पाटील, हे काय?"

"पाडव्याला पातळभाजी करावी म्हटलं." ते मुळीच दचकले नाहीत. "तुम्हीच पाटी लावल्ती की. ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावी."

"ती मातीची पाटी होती."

"पालक बी मातीतूनच आलाय, वहिनी."

मुळासकट उपटू नये, वरून खुडावा म्हणजे परत फुटतो, हे मी त्यांना करून दाखवलं. जन्मभर शेती केलेल्या माणसाने ते माझ्याकडून शांतपणे शिकून घेतलं. निम्मा पालक त्यांच्या टोपीत ठेवला आणि निम्मा पदरात घेऊन मी परत आले.

बाबा खिडकीपाशी उभे होते. चहा त्यांनीच गाळला होता.

"तू चप्पल न घालता पळालीस," ते म्हणाले.

"पालक चालला होता."

"मागच्या वर्षी पुण्यात जिना उतरताना तू दोन्ही हातांनी कठडा धरत होतीस."

"तिथे उतरून जायचं कुठे होतं?"

मी पालक ओट्यावर ठेवला आणि धुवायला घेतला. बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. त्या दिवसांत माझे चार तास सोडले तर समोर कपाशीच्या वाळक्या काड्यांची रिकामी पळाटी असते, बघण्यासारखं काही नसतं. मग त्यांनी कागद मागितला. दोन्ही कलमांवर त्यांनी रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं: 'पुढच्या पाडव्यापर्यंत.' खाली सही. मी त्यांना रेघ पट्टीने मारायला लावली.

तेव्हापासून दर पाडव्याला फोनवर आमचं एकेक वर्ष वाढतं, पाडव्याला वर्षाचा करार होणाऱ्या सालगड्यासारखं. आता कपाटात चार कागद आहेत. बाबांना गोष्ट सांगायचीच असेल, तर त्यांनी फ्लॉवरची पिशवीही सांगावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्ही याल तेव्हा माळवदाची माती दाखवा म्हणाल, पण ती आता बारा वावरांत मिसळून गेली आहे, वेगळी दाखवता येणार नाही. जाऊबाईंच्या वावरातले चार तास आमच्याकडे आहेत आणि त्यांत या वर्षी वाल आणि मुळे आहेत. घराच्या तुळया जुन्याच आहेत. अंगणात मुरमात लावलेल्या सगळ्या झाडांपैकी एक कढीपत्ता आणि एक लिंबोणी जगली आहे, आणि लिंबोणीला यंदा पहिल्यांदा सात लिंबं धरली आहेत.